जुन्या खाणींच्या डोंगरात: दाट रानातली अवघड वाट सुखरूप चालण्यासाठी

खाण बंद पडली की रान फार लवकर परत येतं. माणसांची ये-जा थांबते, झुडपं वाढतात, त्यांच्या आडोशाला झाडं रुजतात आणि दोन पिढ्यांत अख्खा डोंगर हिरवा होऊन बसतो. खालून पाहणाऱ्याला तो इतर कुठल्याही जंगली डोंगरासारखाच दिसतो. पण नेहमीच्या डोंगरातली जमीन वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाऊन बसलेली असते. इथली जमीन माणसाने उकरलेली, आतून पोखरलेली आणि दुसरीकडे नेऊन ओतलेली असते. तिच्यावर पानांचा थर चढलाय म्हणून ती भरवशाची होत नाही.

सोंड (डोंगराची उतरती धार) कुठली, नाळ (उतारावरची खोल घळ) कुठली, कुठे घसारा असणार, कुठे पाऊल टिकणार हे नजरेला कळायला लागलं की ट्रेकर निर्धास्त होतो. खाणीच्या डोंगरात ती नजर अपुरी पडते, कारण इथला प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक खड्डा निसर्गाने केलेला नसतो. म्हणून माझा आग्रह असा, की आधी खाण समजून घ्या आणि मग डोंगर चढा. पुढचा सगळा लेख त्याच क्रमाने आहे.

घरी बसून करायचं पहिलं काम

डोंगरातून काय काढलं जात होतं आणि कसं, हे शोधा. उंची, अंतर, चढ या गोष्टी नंतर. खनिज कळलं की निम्मे धोके आधीच कळतात.

दगडी कोळसा असेल तर तो थरांमध्ये असतो. थर काढून घेतले की मोठ्या क्षेत्राखाली पोकळी राहते, आणि वरची जमीन हळूहळू किंवा एकदम खचते. कोळशाला जमिनीखाली आगही लागते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रेलिया गावाखाली १९६२ साली लागलेली आग अजून विझलेली नाही. झरियाच्या कोळसापट्ट्यात १९१६ पासून आगी धुमसताहेत. अशा ठिकाणी वाट गावाबाहेरची आणि रानातली असली तरी ती कशावरून जाते हे माहीत असायलाच हवं.

शिसं, जस्त, तांबं, कथील, चांदी यांसारखे धातू बहुतेक वेळा खडकातल्या शिरांमध्ये सापडतात. शीर एका रेषेत धावते, म्हणून जुन्या कामगारांनी तिच्या माथ्यावर ओळीने खड्डे आणि उभ्या विहिरी खणलेल्या असतात. ही ओळीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार कामाला येणार आहे. सोन्याच्या जुन्या खाणींजवळ पाऱ्याचा प्रश्न असतो, कारण सोन्याचे बारीक कण धरून ठेवायला पारा वापरला जायचा आणि त्यातला बराच गाळातच राहिला. इमारती दगड किंवा पाटीचा दगड काढलेला असेल, तर पोकळ्यांपेक्षा उभे कापलेले कडे आणि सुट्या फरश्यांचे ढीग जास्त त्रास देतात.

ही माहिती जुन्या भूगर्भीय नकाशांत, जिल्ह्याच्या जुन्या नोंदींत आणि वनखात्याच्या किंवा खाणखात्याच्या संकेतस्थळांवर मिळते. परिसर बंद आहे का, परवानगी लागते का, वाटेचा एखादा टप्पा खचल्यामुळे वळवला आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या. वळवलेली वाट लांबची वाटली तरी तीच घ्या. ती वळवणाऱ्याला जमिनीखालचं काहीतरी माहीत होतं.

नकाशा: नवा, जुना आणि झाडं काढलेला

आजच्या नकाशावर चालायची वाट असते, जुन्यावर खाण असते. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. अनेक देशांच्या नकाशांवर खाणीसाठी एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन हातोडे काढतात, आणि तेच उलटे काढले असतील तर खाण बंद आहे असं समजायचं. अमेरिकी सर्वेक्षणाच्या नकाशांवर अर्धा काळा चौकोन म्हणजे उभी विहीर, इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण म्हणजे डोंगरात शिरणारा बोगदा आणि साधी फुली म्हणजे खनिज आहे का हे पाहण्यासाठी उकरलेला खड्डा. चिन्हं देशागणिक बदलतात, म्हणून नकाशाच्या कोपऱ्यातली सूची आधी वाचा.

तिसरा नकाशा मिळाला तर सोन्याहून पिवळं. विमानातून लेसरचे झोत टाकून जमिनीची उंची मोजतात, त्याला लिडार म्हणतात. त्यातून झाडं वगळून नुसत्या जमिनीचं चित्र बनवता येतं. वरून नुसतं हिरवं दिसणारं रान त्यात उघडं पडतं: ओळीने गोल खड्डे, चपट्या माथ्याचे ढीग, डोंगराच्या कडेने आडव्या गेलेल्या पट्ट्या. बऱ्याच देशांनी ही चित्रं सर्वांसाठी खुली केली आहेत. तुमच्या भागाचं मिळालं तर वाटेच्या दोन्ही बाजूंचे खड्डे घरीच मोबाइलच्या नकाशावर खुणा करून ठेवा. तासाभराचं काम आहे, पण दाट झुडपात शिरल्यावर पुढे काय आहे हे सांगणारी दुसरी कुठलीच गोष्ट तुमच्याजवळ नसते.

मोबाइलच्या जीपीएसवर सगळी मदार ठेवू नका. झाडांच्या दाट छपराखाली आणि खोल घळीत तो काही मीटर, कधी त्याहून जास्त, चुकीची जागा दाखवतो, आणि खड्ड्याच्या बाबतीत तेवढाच फरक महत्त्वाचा असतो. होकायंत्र जवळ ठेवा, पण लोहखनिजाच्या डोंगरात किंवा जुन्या रुळांजवळ काटा भरकटतो हे ध्यानात असू द्या. दिशा घेतल्यावर वीस-तीस पावलं पुढे जाऊन पुन्हा घ्या. दोन्ही जुळल्या नाहीत तर काट्यावर विसंबू नका.

हंगाम आणि वेळ

झुडपं माजलेली असताना असा डोंगर टाळावा. पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. पानगळ होऊन रान विरळ झालं की जमिनीचा आकार चांगला दिसतो, मात्र नुकतीच गळलेली पानं लहान खड्डे भरून टाकतात. म्हणून पानं दबून बसल्यानंतरचा, पण नवी पालवी फुटण्याआधीचा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. मुसळधार पावसानंतरचे काही दिवस तर जाऊच नका. पाणी मुरून पोकळ्यांवरची माती जड होते, जुने ढीग भिजतात आणि जमीन खचण्याच्या घटना अशाच वेळी वाढतात. बर्फाच्या प्रदेशात बर्फ विहिरीच्या तोंडावर पातळ छप्पर धरतो. ते माणसाचं वजन पेलत नाही.

वेळेचा हिशोब करायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा ठोकताळा अजून चालतो: दर ५ किलोमीटरला १ तास, आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी १ तास. समजा वाट १२ किलोमीटरची आणि चढ ९०० मीटरचा आहे. चालायला साधारण २ तास २५ मिनिटं, चढाईचे दीड तास, म्हणजे जवळपास ४ तास. हा हिशोब मोकळ्या, मळलेल्या वाटेवर धडधाकट माणसाचा. मुळं, पडलेली झाडं आणि वाट शोधणं धरून मी अशा रानात त्याची दीडपट करतो, म्हणजे ६ तास, आणि विश्रांती वेगळी. झाडांखाली अंधार मोकळ्या माळापेक्षा लवकर पडतो. परत फिरायची वेळ घरीच ठरवा, कागदावर लिहा आणि माथा पंधरा मिनिटांवर दिसत असला तरी त्या वेळेला फिरा. संधिप्रकाशात खड्डा आणि सावली यांत फरक करता येत नाही.

एकट्याने जाऊ नका. तीन किंवा चार जण असले तर उत्तम: एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबू शकतो आणि बाकीचे मदतीला जाऊ शकतात. घरी राहणाऱ्या एका माणसाकडे वाट, परतीची वेळ आणि किती उशिरानंतर कोणाला फोन करायचा हे लिहून द्या.

सॅकमध्ये

नेहमीचं सामान तुम्हाला ठाऊक आहे, ते सांगत बसत नाही. या डोंगरासाठी वेगळं एवढंच: घोट्यापर्यंतचे, जाड आणि टणक तळव्याचे बूट, कारण पानांखाली गंजके खिळे आणि तारा असतात; धनुर्वाताची लस मुदतीत आहे का हे पाहून ठेवा; प्रत्येकाकडे स्वतःचा हेडलॅम्प आणि शिट्टी; दिवसभराचं सगळं पाणी घरूनच; हात धुण्यासाठी वेगळी बाटली आणि थोडा साबण. हेडलॅम्प अंधारात वाट दिसावी म्हणून आहे, बोगद्यात डोकावण्यासाठी नाही.

वाट ओळखणं

खाणीच्या रानात वाट चुकते ती वेगळ्याच कारणाने. नेहमीच्या जंगलात चुकीची वाट अरुंद आणि पुसट होत जाते, त्यामुळे संशय येतो. इथे चुकीची वाट खऱ्या वाटेपेक्षा रुंद आणि ठळक असते. खनिजाच्या डब्यांसाठी बांधलेले ट्रॅमचे सपाट पट्टे डोंगराच्या कडेने जवळजवळ एकाच उंचीवर जातात. त्यांवर रूळ राहिले नसले तरी चालायला ते इतके सोपे असतात की पाय आपोआप तिकडे वळतात. हे पट्टे बोगद्याच्या तोंडाशी, ढिगाऱ्याच्या टोकाला किंवा कोसळलेल्या लाकडी पुलाशी संपतात. तसंच कामगारांच्या नागमोडी वाटा चढत जातात आणि खाणीच्या दाराशी थांबतात, कारण त्यांना माथ्यावर जायचंच नव्हतं.

म्हणून प्रत्येक फाट्यावर थांबून नकाशा पाहा. तुमची वाट चढायला हवी आणि पायाखालचा पट्टा दहा मिनिटं सपाटच चालला असेल, तर तुम्ही ट्रॅमच्या पट्ट्यावर आहात. सरळ रेषेत, एकही वळण न घेता चढणारा खडा उतार दिसला, तर तो डबे वर-खाली ओढण्यासाठी केलेला उतार असतो. चढायला तो शॉर्टकट वाटतो, पण त्याचे दगड सुटे झालेले असतात आणि मधेच दोर ओढायच्या यंत्राचा खड्डा असू शकतो. पाण्याच्या जुन्या पाटांचंही तसंच. तेही डोंगराला धरून आडवे जातात, आणि एखादा घळ ओलांडायला असलेली लाकडी पन्हळ कधीच पडून गेलेली असते.

याच गोष्टी उलट्या बाजूने उपयोगीही पडतात. जुन्या नकाशावर ट्रॅमचा पट्टा ७२० मीटरच्या कंटूरवर (समान उंची दाखवणाऱ्या रेषेवर) असेल आणि चढताना तुम्ही तो आडवा ओलांडलात, तर उंची नेमकी कळली. दाट रानात असा पक्का पुरावा क्वचित मिळतो.

पायाखालची जमीन वाचणं

इथे घाई करू नका, कारण बाकी सगळं सांभाळूनही या एका बाबतीत ढिलाई झाली तर जीव जातो.

उभी विहीर खणताना निघालेला दगड तोंडाभोवतीच टाकला जायचा. त्यामुळे विहिरीभोवती गोल बांध तयार होतो. रानात मधे खोलगट आणि कडेने गोल उंचवटा दिसला तर तिथे विहीर आहे असंच समजा, तळाशी कितीही पानं आणि घट्ट दिसणारी माती असो. बोगद्याचा ढीग वेगळा असतो: डोंगरउतारावर चपट्या माथ्याचा, खालच्या बाजूला पसरत गेलेला. त्याच्या वरच्या टोकाला बोगद्याचं तोंड असतं, कधी कोसळून बुजलेलं. ढीग मोठा आणि तोंड कुठेच दिसत नाही, ही सगळ्यात वाईट अवस्था. एवढा दगड ज्या पोकळीतून आला ती तिथेच कुठेतरी झाकलेली आहे.

आता ती ओळीची गोष्ट. दोन गोल खड्डे दिसले की त्यांना जोडणारी रेषा मनात ओढा आणि दोन्ही बाजूंना पुढे न्या. तिसरा, चौथा खड्डा त्याच रेषेवर असण्याची शक्यता मोठी. वाट त्या रेषेला छेदत असेल तर मळलेल्या मार्गावरूनच, एकामागून एक, तिला ओलांडा. रेषेवरून चालत जाऊ नका. शिरा काढून घेतल्यावर वर उरलेला खडकाचा किंवा मातीचा पातळ थर त्या रेषेवरच असतो.

खाण सोडताना अनेक विहिरींची तोंडं लाकडाचे ओंडके आणि फळ्या टाकून, वर माती पसरून झाकली गेली. ते लाकूड आता कुजलेलं असतं. त्यावर गवत येतं, रोपं येतात, कधी बऱ्यापैकी झाडही. म्हणून झाड उभं आहे म्हणजे जमीन पक्की, हे गणित इथे लावू नका. काठीने टोचून पाहण्याची युक्तीही फसवी आहे. काठीच्या टोकाखाली फळी टणक लागते, आणि तीच फळी माणसाच्या वजनाने मोडते.

थांबायला लावणाऱ्या खुणा अशा. जमिनीत चंद्रकोरीसारखी ताजी भेग. आजूबाजूला पानं साचलेली असताना एका ठिकाणी उघडी पडलेली ताजी माती. बुंध्यापाशी वाकलेली, एकाच बिंदूकडे झुकलेली झाडं. मधेच सुरू होऊन मधेच संपणारं जुनं कुंपण, किंवा बाकी रान तोडलेलं असताना गोलात राखलेला झाडांचा पुंजका: तिथे कोणीतरी काहीतरी वेगळं काढून ठेवलं होतं. थंडीच्या सकाळी जमिनीतून निघणारी वाफ, कारण खोलातली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असते. पावसाचं पाणी वाहत येऊन एकाएकी जमिनीत नाहीसं होणं. कोळशाच्या भागात वाफेबरोबर गंधकाचा वास असेल, जमीन कोमट लागत असेल, झाडं उभ्या उभ्या वाळली असतील, तर खाली आग आहे. आल्या पावली मागे फिरा.

उघडी विहीर दिसली तर काठाशी जाऊन खाली पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. जाऊ नका. तोंडाजवळची माती वर्षानुवर्षं आत घसरत असते, त्यामुळे काठ नरसाळ्यासारखा आतल्या बाजूला उतरता झालेला असतो, आणि बऱ्याचदा वरचा गवताळ थर खालून पोखरून अधांतरी राहिलेला असतो. दुरून फोटो काढा, जागा नोंदवा आणि पुढे चला.

पाय टाकल्यावर जमीन दबली, पोकळ आवाज आला किंवा हलली तर पुढे उडी मारू नका. वजन मागे घ्या, खाली बसा, आडवे व्हा आणि ज्या पावलांनी आलात त्याच रेषेत मागे सरका. मागच्यांना मोठ्याने थांबायला सांगा. मदतीला धावत येणारा दुसरा माणूस त्याच फळीवरचं वजन वाढवतो.

ढिगारे आणि गाळाचे तळे

खाणीचा टाकाऊ दगड जसा ओतला तसा ज्या कोनात थांबतो त्याच कोनात वर्षानुवर्षं उभा असतो, साधारण ३५ ते ३८ अंश. म्हणजे तो आधीच घसरण्याच्या काठावर आहे. मधून आडवं गेलात तर वरचा माल अंगावर आणि पायाखालचा माल खाली येतो. पर्याय नसेल तर एकेकाने ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित टोकाला उभं राहून वर नजर ठेवायची. ढिगाच्या पायथ्याशी कधीच विसावा घेऊ नका.

भिजलेला ढीग काय करू शकतो याचं उदाहरण वेल्समधलं आबेरफान. डोंगरावर, झऱ्याच्या जागेवर रचलेला कोळशाच्या टाकाऊ मालाचा ढीग २१ ऑक्टोबर १९६६ रोजी पावसानंतर खाली वाहत आला आणि शाळेवर, घरांवर गेला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. तिथे ढीग चालत्या खाणीचा होता. जुन्या खाणीचे ढीग तर कोणी पाहतही नसतं. ढिगाच्या बुडातून पाणी झिरपत असेल किंवा बूड फुगलेलं दिसत असेल, तर खालची वाट सोडून लांबचा वळसा घ्या.

गाळाची तळी वेगळी. खनिज वेगळं काढल्यावर उरलेली बारीक भुकटी पाण्याबरोबर तिथे सोडली जायची. आज ती सपाट, उघड्या मैदानासारखी दिसतात आणि दाट रानातून बाहेर पडल्यावर तंबू ठोकायला अगदी मोहात पाडतात. वरचा थर वाळलेला आणि खाली चिखल असू शकतो, त्यात पाय रुतला की निघत नाही. आणि त्या भुकटीत शिसं, आर्सेनिक, कॅडमियम राहिलेलं असतं. वाऱ्याच्या दिवशी ती श्वासातून आत जाते. तिच्यावर बसून जेवू नका, लहान मुलांना आणि कुत्र्यांना तिच्यावर खेळू देऊ नका. रानात एखादा भाग उजाड किंवा फार खुरटा दिसला तर माती धातूंनी भारलेली असण्याची शक्यता धरा. युरोपात पिवळ्या फुलांची एक व्हायोलेट जस्ताच्या जमिनीवर ठरून उगवते, आणि अशा झाडांवरून जुने लोक खनिज ओळखायचे.

अशा पातळ, दगडी मातीवर वाढलेल्या झाडांची मुळं वरवर असतात. वारा असताना त्यांच्याखाली थांबू नये आणि चढताना आधाराला बुंधा धरण्याआधी तो हलवून पाहावा.

बोगद्याचं तोंड आणि आतली हवा

आत जाऊ नका. एक पाऊलही नाही, सावलीपुरतंही नाही. अमेरिकेच्या खाण सुरक्षा प्रशासनाने १९९९ साली जुन्या खाणींबाबत जनजागृती मोहीम सुरू केली, तिचा सगळा संदेश एवढाच होता: बाहेर राहा, जिवंत राहा.

छत कोसळण्याची भीती सगळ्यांना कळते, हवेची कळत नाही. कुजणारं लाकूड आणि गंजणारं खनिज आतला प्राणवायू खाऊन टाकतात आणि कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) वाढतो. बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १०च्या आसपास उतरला की माणूस बेशुद्ध पडतो, आणि अशा हवेला वास नसतो, रंग नसतो, घशाला खवखव होत नाही. पुढचा पडला म्हणून त्याला ओढायला गेलेला दुसरा, मग तिसरा, असे अपघात खाणींमध्ये पुन्हा पुन्हा झाले आहेत. कोळशाच्या खाणीत मिथेनही असतो, आणि हवेत तो ५ ते १५ टक्के असताना ठिणगीने स्फोट होतो. सडक्या अंड्याचा वास येणारा वायूही फसवतो: प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो, आणि वास गेला म्हणून धोका गेला असं वाटतं.

तोंडाबाहेरही सावध राहावं लागतं. हवामान बिघडायच्या आधी हवेचा दाब उतरतो तेव्हा आतली हवा बाहेर येते. कर्बवायू साध्या हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, तो तोंडासमोरच्या खोलगट जागेत साचतो. उन्हाच्या तडाख्यात बोगद्यातून येणारी गार झुळूक फार सुखाची असते, पण जेवायला आणि मुक्कामाला तिथून दूर, उंचावरची, वाहत्या हवेची जागा शोधा.

तोंडावर आडव्या सळ्यांची जाळी असेल तर ती वटवाघळांना ये-जा करता यावी म्हणून तशी असते. जाळीजवळ गोंगाट आणि प्रकाशझोत टाळा. उत्तर अमेरिकेत २००६ पासून एका बुरशीजन्य रोगाने वटवाघळांच्या वसाहतीच्या वसाहती संपल्या, आणि ती बुरशी माणसाच्या बुटा-कपड्यांवरूनही जाते.

पाणी

खाणीखालच्या ओढ्याचं पाणी पिऊ नका. उकळूनही नाही, गाळूनही नाही, गोळी टाकूनही नाही. या तिन्ही उपायांनी जंतू मरतात किंवा अडतात, पण विरघळलेले धातू जातच नाहीत. उकळल्याने पाणी आटतं आणि धातूंचं प्रमाण उलट वाढतं.

खडकातल्या गंधकयुक्त लोहखनिजाला हवा आणि पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं, आणि ते आम्ल आजूबाजूचे धातू विरघळवत वाहतं. स्पेनमधली रिओ तिंतो नदी त्यामुळे तांबडी दिसते, तिच्या पाण्याचा पीएच (आम्लपणाचं माप) २च्या आसपास, म्हणजे फार आम्ल, असतो. ओढ्याच्या दगडांवर नारिंगी साय म्हणजे लोह, पांढरट म्हणजे ॲल्युमिनियम, निळसर हिरवी म्हणजे तांबं. पण मला जास्त भीती वाटते ती नितळ पाण्याची. पाणी काचेसारखं स्वच्छ, आणि त्यात शेवाळ नाही, किडे नाहीत, दगड उलटला तर खाली एकही अळी नाही: ते पाणी निर्जीव आहे म्हणून स्वच्छ आहे.

पाणी भरायचंच असेल तर नकाशावर दिसणाऱ्या सगळ्यात वरच्या कामापेक्षाही उंचावरच्या झऱ्याचं घ्या, आणि ते नेहमीसारखं गाळून किंवा उकळून प्या. नाहीतर सगळं घरून. साधारण चालीला तासाला अर्धा लिटर, उकाड्यात आणि खड्या चढावर लिटरपर्यंत धरा.

माथ्यावरून उतरताना

पाय थकलेले, घरची ओढ लागलेली, आणि वाटेचे फाटे वरून वेगळे दिसतात. चढताना दर फाट्यावर मागे वळून फोटो काढून ठेवला असेल तर आता तो उघडा. नाळेतून सरळ खाली उतरण्याचा विचारही नको: बोगद्यांची तोंडं आणि त्यांचे ढीग बहुधा नाळेच्या कडेलाच असतात, कारण पाणी काढून द्यायला ती जागा सोयीची होती. ओल्या मुळांवर पाय आडवा ठेवू नका. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवा, म्हणजे काठी अडकली तर तुम्ही तिच्याबरोबर ओढले जाणार नाही. पानांत लपलेली लोखंडी दोराची वेटोळी उतारावर हमखास पायात येतात.

पडक्या भिंती आणि धुराडी लांबून पाहा. खोलीत जुनी पेटी, काड्या, तारा लावलेल्या लहान नळ्या असं काही दिसलं तर हात लावू नका, हलवू नका. जुन्या डायनामाइटमधून नायट्रोग्लिसरीन पाझरून बाहेर येतं आणि ते नुसत्या धक्क्यानेही फुटू शकतं. मागे या आणि पोलिसांना कळवा.

कोणी पडलं तर

विहिरीत किंवा बोगद्यात गेलेल्याच्या मागे जाऊ नका. हे पाळणं जगातलं सगळ्यात कठीण काम आहे, आणि म्हणूनच ते निघण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं. काठापासून दूर राहा, हाका मारून उत्तर येतंय का पाहा, त्याला हलू नको म्हणून सांगा. जीपीएसचे आकडे वाचा आणि कागदावर लिहा. त्या भागाचा आपत्कालीन क्रमांक आधीच फोनमध्ये हवा. फोनवर पहिल्यांदा हेच सांगा की अपघात जुन्या खाणीत झाला आहे, कारण बचाव पथकाला हवा तपासण्याची यंत्रं आणि दोराची वेगळी तयारी लागते. रेंज नसेल तर दोघांनी मळलेल्या वाटेनेच खाली जावं आणि एकाने थांबावं. शिट्टीचा आंतरराष्ट्रीय संकेत असा: मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांनी येतं. उत्तर अमेरिकेत तीनचाच संकेत मदतीसाठी वापरतात.

परत आल्यावर

गाडीत बसण्याआधी बुटांचा चिखल घासून काढा, हात-तोंड साबणाने धुवा आणि मगच काही खा. मोजे-पँट घरी वेगळे धुवा. अंगावर गोचीड चिकटली असेल तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका.

त्याच संध्याकाळी, विसरायच्या आत, दिसलेल्या धोक्यांची नोंद करा: नवा खचलेला खड्डा, तुटलेलं कुंपण, मोडलेली जाळी, वाटेवर आलेला ढीग. प्रत्येकाचे जीपीएसचे आकडे, एक दुरून काढलेला फोटो, वाटेपासूनचं अंतर आणि तारीख. ही नोंद वनखात्याला किंवा जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना पाठवा, आणि पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा.